टप गेला गोठ्यात

शेणवे गावात आंघोळीचा टप एकच होता, आणि तो कुंडलिकाच्या न्हाणीत होता. टप म्हणजे साधासुधा नव्हे. बिडाचा, आतून पांढराशुभ्र, बाहेरून हिरवा, आणि खाली वाघाच्या पंजासारखे चार पाय. उंबरमाळीच्या अंगाला रेल्वेचा कोणी साहेब राहायचा. तो विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. शहाण्या माणसांनी खुर्च्या घेतल्या, कंदील घेतले, एकानं तर कोंबड्यांचं खुराडं उचललं. कुंडलिकानं टप घेतला. त्याच्याबरोबर बागेला पाणी घालायची एक जस्ताची झारी फुकटात मिळाली. बैलगाडीतून टप गावात आला तेव्हा कुंडलिक स्वतः त्यात बसून आला, असं त्याची बायको हौसा सांगायची. तो नाही म्हणायचा. पण नाही म्हणताना मिशीला पीळ द्यायचा, तेव्हा खरं काय ते ज्यानं त्यानं समजावं.

घरी आल्यावर कळलं की न्हाणीच्या दारातून टप काही आत जात नाही. दुसरा कोणी असता तर त्यानं टप अंगणात ठेवला असता. कुंडलिकानं न्हाणीची भिंत पाडली, टप आत ठेवला आणि भिंत परत बांधली. वर सांगितलं, आता हा टप या घरातून माझ्याबरोबरच जाईल.

टपानं न्हाणी सगळी व्यापली. बाजूला पाटसुद्धा ठेवायला जागा उरली नाही. तो पाण्यानं भरायचा तर विहिरीवरून बारा हंडे आणायला हवेत, आणि हंडे आणणाऱ्या बायका म्हणजे हौसा आणि तिची सून जनी. पहिल्या दिवशी त्यांनी आणले. दुसऱ्या दिवशी हौसानं सांगितलं, हवं तर स्वतः आणा. त्यानंतर टप कधी भरला गेला नाही. कुंडलिक रोज कोरड्या टपात उकिडवा बसून तांब्यानं अंगावर पाणी घ्यायचा, जसा आधी दगडावर बसून घ्यायचा. ही गोष्ट घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हती.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग एका पावसाळ्यात भाताच्या आवणीत हौसा बांधावरून घसरली. डोक्यावर रोपांच्या मुठींचा भारा, पायाखाली शेवाळ. पडली ती डाव्या कमरेवर. मुरबाडकडे तिचं माहेर, तिथल्या हाडवैद्यानं हाड बसवलं. हाड जुळलं, पण पाय दोन बोटं आखूड राहिला आणि वीतभराच्या वर उचलेना. वैद्यानं जाताना बजावलं होतं की रोज कढत पाणी पडू दे कमरेवर, आणि पायावर भार टाकत जा, नाहीतर तो पाय कायमचा बसून राहील.

आता गंमत बघा. घरात कढत पाणी होतं, न्हाणी होती, आणि न्हाणीत शिरायला गुडघ्याच्या वर कठडा होता. वीतभर उचलणारा पाय त्या कठड्यावरून कसा जाणार? मग जनी काखेत हात घालायची आणि शेजारची ताराबाई पाय धरायची, आणि दोघी मिळून हौसाला भाताच्या पोत्यासारखी टपात घालायच्या. आंघोळ झाली की तशीच बाहेर काढायच्या. जनी बिचारी खाली मान घालून करायची. ताराबाईचे हात कामात आणि जीभ गावात. हौसानं कधी आंघोळ केली, कशी केली, किती जड लागली, हे दुपारपर्यंत पाणवठ्यावर सगळ्यांना माहीत व्हायचं.

हौसा एके काळी तीन हंडे एकावर एक घेऊन चढण चढणारी बाई. तिला स्वतःच्या अंगाची लाज वाटायला लागली. रोजची आंघोळ चौथ्या दिवसावर गेली. थंडी वाजते, असं ती सांगायची, आणि रात्री पदर तोंडात धरून रडायची. पायावर पाणी पडेना, भार पडेना, आणि पाय दिवसेंदिवस लाकूड होत चालला.

सगळ्यात लागलं ते दिवाळीला. या घरची रीत अशी की नरकचतुर्दशीला घरच्या बाईनं सगळ्यांच्या आधी न्हायचं, ओलेत्यानं तुळशीपुढं यायचं आणि डाव्या पायाच्या टाचेनं कारीट फोडायचं. ते कडू फळ फुटल्याचा आवाज आला की मगच बाकीच्यांनी न्हाणीत जायचं. हौसानं लग्न होऊन आल्यापासून तीस वर्षं कारीट फोडलं होतं. गेल्या दोन दिवाळ्या ते जनीनं फोडलं. हौसाला सर्वांच्या शेवटी, उजाडल्यावर, ताराबाईला सवड झाल्यावर आंघोळ मिळाली. जनीच्या टाचेखाली कारीट फुटलं तेव्हा हौसानं खाटेवर भिंतीकडे तोंड केलं होतं. कुंडलिकाला ते दिसलंही नाही, आवाज ऐकताच तो टपात जाऊन गाणं म्हणायला लागला.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. नवरात्र नुकतं बसलं होतं. एके सकाळी जनीचा हात सुटला आणि हौसा टपाच्या कठड्यावर अडकली, अर्धी आत, अर्धी बाहेर. पाय कुठंच टेकेना. दोघींना आवरेना म्हणून ताराबाईनं शेतावर निघालेल्या बायकांना हाका मारल्या. पाच जणी आल्या. त्यांनी उचललं, सोडवलं, आणि सोडवता सोडवता एकीला हसू फुटलं. एक हसली की बाकीच्यांना राहवतं का? वाईट मनानं कोणी हसलं नाही, पण हौसाच्या काळजात ते हसू काट्यासारखं रुतलं. त्या दिवशी तिनं ठरवलं, या दिवाळीला मी माझ्या पायानं न्हाणीत जाईन, माझ्या पायानं बाहेर येईन आणि कारीट मीच फोडीन. नाही जमलं तर पुन्हा त्याचं नाव काढणार नाही.

ठरवलं खरं, पण करायचं काय? दिवसभर ती पडवीत खाटेवर पडून असायची. समोर परसात जनी वांग्यांना पाणी घालत होती, साहेबाच्या त्याच फुकटच्या झारीनं. झारीच्या तोंडाला चाळणीसारखा जस्ताचा गड्डा, त्यातून पाणी शंभर धारांनी पडत होतं. वांगी उभ्या उभ्या न्हात होती. ना त्यांना कोणी वाकवत होतं, ना उचलत होतं. हौसा खाटेवर उठून बसली. तिनं जनीला हाक मारली आणि म्हणाली, झारी माझ्या डोक्यावर धर बघू. जनी आधी बावरली, मग तिनं धरली. लुगडं चिंब झालं, आणि हौसा दोन वर्षांत पहिल्यांदा मनापासून हसली.

म्हणजे टप हवाच कशाला? सपाट जमीन हवी, वर झारी हवी, आणि मधे हौसा. पण टप काढायचा म्हणजे कुंडलिकाच्या मिशीला हात घालायचा. बत्तीस वर्षांच्या संसारात हौसा एवढं शिकली होती की या माणसाला सरळ सांगितलं तर तो आडवा जातो. तिनं दोन दिवस जाऊ दिले. तिसऱ्या दिवशी तो जेवायला बसला तेव्हा तिनं खाटेवरून विषय काढला.

“अवो, एवढा साहेबाचा टप आणलात, पन बघतो कोन? न्हाणीत अंधार. मानसं ओटीवर येतात नि बसून जातात. आत टप हाय ह्ये त्यांना ठावंबी नसतं.”

कुंडलिक म्हणाला, “मग काय देवळात ठेवू?”

“गोठ्याम्होरं ठेवा, रस्त्याकडंला. म्हसा गावच्या जत्रेला बैल घेऊन जानारे आपल्याच दारावरून जातात. कुंडलिकाचे बैल साहेबाच्या टपात पानी पितात, असं जत्राभर बोलतील.”

त्याचा भात कालवायचा हात थांबला, आणि हौसानं ओळखलं की मासा गळाला लागला. त्या रात्री तो दोनदा उठून गोठ्यापुढं जाऊन उभा राहिला. सकाळी त्यानं सगळ्या घराला बोलावून सांगितलं की रात्री माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आहे. हौसानं डोळे मोठे करून ती ऐकून घेतली. जनीला हसू आवरेना म्हणून ती चुलीपुढं पळाली.

भिंत पुन्हा पडली. सहा माणसं लावून टप बाहेर काढला आणि गोठ्यासमोर बसवला. नवी न्हाणी बांधायचं काम थोरल्या मुलानं, महादूनं, अंगावर घेतलं. हा महादू म्हणजे हौसाचा मुलगा आणि जनीचा नवरा, बोलायला कमी, हाताला सोनं. चिखलणी झाली की भाताचं खाचर सपाट करायला त्याला चार गावांहून बोलावणं यायचं. त्यानं फळी फिरवलेल्या खाचरात पाणी आरशासारखं उभं राहतं, एक कोपरा कोरडा नाही की एक कोपरा बुडालेला नाही, असं त्याचं नाव होतं. त्यानं काळ्या दगडाच्या लाद्या घडवल्या, चुन्यात बसवल्या, आणि काम होईपर्यंत कोणाला आत डोकावू दिलं नाही.

तिकडं नवशा कल्हईवाल्यानं घासलेटचा रिकामा डबा घेऊन त्याच्या बुडाशी झारीचा गड्डा डाग देऊन जोडला. भोकाला आतून लाकडाचा दट्ट्या, दट्ट्याला दोरी, दोरी वरच्या खुंटीवरून खाली. दोरी ओढली की दट्ट्या उचलणार आणि पाणी पडणार. दोरी सोडली की बंद. डबा भिंतीच्या माथ्यावर असा बसवला की चुलवणावरचं कढत पाणी बाहेरून जनीला ओतता यावं. हौसाच्या अंगाला कोणाचा हात लागायची गरज नाही. ही सगळी अक्कल हौसाची, नवशाचं फक्त कथील.

दिवाळीला तेरा दिवस उरले होते तेव्हा महादूनं दार उघडलं. न्हाणी दिसायला देखणी झाली होती. त्यानं दोरी ओढली, डबाभर पाणी खाली सोडलं आणि कौतुकाच्या आशेनं आईकडं पाहिलं. पाणी घोटाभर उभं राहिलं. चारी बाजूंनी सारखं, हलेना की डुलेना. आणि दारात ते अडावं म्हणून महादूनं चार बोटं उंचीचा सुबक बांधही घातला होता.

“बघ आये,” तो म्हणाला, “एक थेंब जात नाय.”

जनीनं कपाळावर हात मारला. मोरीचं भोक होतं, पण लाद्या अशा अचूक सपाट की पाण्याला तिकडं जायचं काही कारणच नव्हतं. जन्मभर पाणी धरून ठेवलेल्या हातानं न्हाणीतही पाणी धरून ठेवलं होतं. कुंडलिक मागून आला, त्यानं बघितलं आणि संधी साधली. टप होता ते काय वाईट होतं, असं तो सुरू झाला. बैल टपाला तोंड लावत नाहीत, उद्या सहा माणसं परत बोलावतो आणि टप आत घेतो, असंही म्हणाला. बैल खरंच तोंड लावत नव्हते, पांढऱ्या रंगाला बुजत होते.

हौसानं बोटं मोजली. तेरा दिवस, आणि टप पुन्हा दाराशी. पण महादूचा पडलेला चेहरा बघून तिचा राग कुठल्या कुठं गेला. तिनं आपली खाट न्हाणीच्या दारात आणवली आणि त्याला जवळ बसवलं.

“अरे माज्या सोन्या, ह्ये तू खाचर केलंस. मला हितं भात नाय लावायचा. भात पिकला की तू खाचरातलं पानी कसं काढतोस?”

“खालचा कोपरा फोडतो. वरच्या खाचरातलं खालच्यात जातं.”

“मग तसंच कर. दार म्हंजे वरचं खाचर, मोरी म्हंजे खालचं. पन उतार येवढाच की पान्याला कळंल नि माज्या पायाला नाय कळनार.”

महादूला एकदम उमगलं. सांगायला सोपं, करायला मात्र जीव खाणारं काम. त्यानं लाद्या उखडल्या आणि परत बसवल्या. पाणी सोडलं तर निम्मं मोरीकडं गेलं आणि निम्मं मधेच घुटमळलं. कुठं खड्डा आहे ते डोळ्याला दिसेना. तेव्हा हौसानं जनीला मूठभर भाताचं तूस आणायला सांगितलं, ते पाण्यावर टाकलं आणि खाटेच्या कडेला हनुवटी टेकून बघत राहिली. तूस तरंगत गेलं आणि जिथं लादी दबली होती तिथं गोळा झालं. ही लादी उचल, तिथं चुना भर, असं ती सांगत गेली. दुसऱ्यांदा तूस भिंतीशी थांबलं. तिसऱ्या खेपेला महादूचे हात चुन्यानं सोलवटले होते आणि हौसाचा आवाज बसला होता. चौथ्यांदा पाणी सोडलं, तूस दारापासून निघालं, कुठं न थांबता मोरीपर्यंत गेलं आणि बाहेरच्या अळवात जाऊन पडलं. मायलेकांनी एकमेकांकडं बघितलं.

मग बाकीचं भराभर झालं. दारातला बांध तोडला, उंबरा काढला, स्वयंपाकघर आणि न्हाणीची जमीन एक झाली. वाटणाच्या पाट्याला लावतात तशी महादूनं लाद्यांना छिन्नीनं टोचून टाकी लावली, म्हणजे ओल्या पायाखाली घसरायला नको. भिंतीला धरायला बांबू पक्का ठोकला. त्या दिवसापासून हौसा रोज दोन्ही हातांनी काठी टेकत न्हाणीत जायची, जनी दाराशी उभी असायची, आणि कढत पाणी कमरेवर पडायचं. पहिल्या दिवशी डाव्या पायावर भार टाकला तर डोळ्यांपुढं काजवे चमकले. पाचव्या दिवशी काठी एका हातात आली. आठव्या दिवशी तिनं जनीला सांगितलं, उद्या दाराशी उभी राहू नको.

बैल बुजतात म्हणून कुंडलिकानं एक दिवस टपात आतून शेणाचा हात फिरवला, आणि बैल मुकाट्यानं पाणी प्यायला लागले. म्हशाच्या जत्रेला अजून दोन महिने होते, तरी वाटसरू आत्तापासून थांबून बघायचे, आणि तो त्यांना लिलावाची गोष्ट पहिल्यापासून सांगायचा. टप परत आत घ्यायचं बोलणं काही पुन्हा निघालं नाही.

चतुर्दशीला पहाटे जनीनं अंगणात पणत्या लावल्या, सासूच्या अंगाला तेल लावलं आणि डबा भरला. हौसा उठली. काठी तिनं न्हाणीच्या दाराला टेकवून ठेवली आणि एकटीच आत गेली. दार लागलं. बाहेर महादू, जनी आणि कुंडलिक उभे. आत काही आवाज नाही. पाण्याचा नाही, दोरीचा नाही. कुंडलिक अस्वस्थ झाला. आत जाऊन बघ, असं त्यानं जनीला खुणेनं सांगितलं. जनीनं मान हलवली, तिनं शब्द दिला होता.

आत हौसा बांबू धरून उभी होती. तिला भीती वाटत नव्हती. ती फक्त उभी होती, कारण न्हाणीत दार लावून, कोणाच्या नजरेविना उभं राहायला तिला दोन वर्षं मिळालं नव्हतं, आणि ते तिला पोटभर करून घ्यायचं होतं. मग तिनं दोरी ओढली. कढत पाणी डोक्यावरून, खांद्यांवरून, मोडलेल्या कमरेवरून खाली आलं, आणि पायांखालून मुकाट मोरीकडं निघून गेलं. तिनं उटणं लावलं, स्वतःची पाठ स्वतः चोळली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते डब्याच्या पाण्यात मिसळलं, आणि ते दुःखाचं मुळीच नव्हतं.

दार उघडलं. हौसा ओलेत्यानं, भिंतीला एक हात लावत, लंगडत पण ताठ, अंगणात तुळशीपुढं आली. जनीनं कारीट ठेवलं होतं. हौसानं तुळशीवृंदावनावर हात टेकला, डावा पाय वीतभर उचलला आणि टाच कारिटावर ठेवली. कारीट घरंगळलं. कुंडलिक उचलून द्यायला वाकला, तर तिनं हातानंच थांबवलं. पायाच्या अंगठ्यानं तिनं ते परत ओढून घेतलं, टाच नेमकी वर ठेवली, आणि मग वृंदावनावरचा हात उचलून सगळा भार, सगळा, डाव्या पायावर टाकला.

कारीट फटकन फुटलं. आवाज शेजारपाजारी जाईल एवढा झाला. कुंडलिकानं डोक्याचा पटका काढून त्यानंच डोळे पुसले, आणि आज मी साहेबाच्या झारीखाली न्हाणार, टपाची काय मजा, असं पुटपुटत तो वळला.

तेवढ्यात कुंपणाशी ताराबाई आली. टप गेला तरी हौसाला उचलून आत न्यावंच लागणार, असं धरून ती गेल्या दोन दिवाळ्यांसारखी पदर खोचून, बाह्या सावरून आलेली. आठवडाभराच्या न्हाण्याचं जनीनं तिला कळू दिलं नव्हतं. तिला आधी तुळशीपुढं ओली उभी असलेली हौसा दिसली, मग टाचेखालचं फुटलेलं कारीट दिसलं. तिनं जनीकडं पाहिलं, महादूकडं पाहिलं.

“गो हौसा, तुला कुनी उचललं?”

“कुनी नाय,” हौसा म्हणाली. “चालत गेले नि चालत आले. जा, पानवठ्यावर सांग.”

आणि तिनं जनीला कुंडलिकाच्या अंगाला लावायचं तेल आणायला पाठवलं.